हमीपत्रातली चौथी ओळ

पहिल्याच भेटीत चांगुणानं त्याला दारातून परत पाठवलं होतं.

"सिमेंटचं दुकान पुढच्या गल्लीत हाय," टाइपरायटरवरची नजर न काढता ती म्हणाली.

आता यात तिची तरी काय चूक? दारात उभा होता तो माणूस डोक्यापासून पायापर्यंत राखाडी होता. केस राखाडी, भुवया राखाडी, पापण्यांवरसुद्धा भुकटीची साय. त्या सगळ्या राखाडीत दोन डोळे तेवढे काळेभोर होते... आणि ते हसत होते.

तो गेला. खरंच गेला. गल्लीच्या टोकाला सिमेंटच्या दुकानात डोकावून पाच मिनिटांनी परत दारात उभा राहिला.

"मॅडम, दुकानदार म्हणतो, हा माणूस माझा न्हाई. मग मी कुणाचा?"

तेव्हा कुठं चांगुणानं मान वर केली. बोलणं उदगिराचं, पण सूर काही इथला नव्हता. शब्दाच्या शेवटी तो जरासा थबकायचा, परक्या घरात चप्पल काढायला थबकतात तसा.

"तुम्ही... ते बोअरच्या गाडीवरचे? लंकेचे?"

"हाव. निमल रत्नायके. सामान न्यायला आलो. आणि तुम्ही नव्या मॅडम. कालच लागल्या म्हणे. वीरभद्र सांगून राहिला होता, लई कडक हाईत."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. लागून एकच दिवस झाला होता आणि संस्थेच्या सगळ्यांत महत्त्वाच्या माणसाला तिनं सिमेंट विकायला पाठवलं होतं!

संस्था म्हणजे उदगिरातल्या दोन खोल्या. दुष्काळी गावांना बोअर पाडून देणारी. परदेशातून देणगीत एक यंत्र आलं होतं, हवेच्या दाबानं काळा पत्थर फोडणारं. ते बिघडलं तर उघडायचं कसं, हे इकडच्या कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून सरकारला लिहून द्यावं लागलं की, या कामाला स्थानिक माणूस उपलब्ध नाही, सबब एक परदेशी कारागीर एका वर्षासाठी नेमतो, आणि त्या काळात आपल्या माणसाला काम शिकवून घेतो. असा निमल आला होता, आणि परदेशी म्हणून त्याची नोंद तेव्हा उस्मानाबादच्या कचेरीत झाली होती. शिकणारा माणूस म्हणजे वीरभद्र. निमलनं त्याला यंत्र शिकवायचं आणि वीरभद्रनं त्याला मराठी, असा सौदा दोघांनी आपापसात करून टाकला होता.

संस्थेचे चिटणीस अवधूत सर निवृत्त शिक्षक. छापील कागदांचा गठ्ठा त्यांना टाकवेना, म्हणून उदगीर नव्या लातूर जिल्ह्यात गेलं तरी संस्थेच्या कागदावर 'उदगीर, जि. उस्मानाबाद' असंच होतं. चांगुणाचं पहिलं काम म्हणजे प्रत्येक कागदावर 'उस्मानाबाद' खोडायचं, वर 'लातूर' लिहायचं आणि शेजारी आपली इवलीशी सही करायची.

"खाडाखोड केली की शेजारी सही," सर बजावायचे. "नाहीतर सगळा कागदच खोटा ठरतो, चांगुणाबाई."

हे निमलला फार गमतीचं वाटायचं. गाडीचं सामान न्यायला आला की तिच्या टेबलाशी रेंगाळायचा.

"आज किती जिल्हे बदलले, मॅडम?"

"सतरा. तुम्ही किती फूट गेलात?"

"दोनशे. पाणी न्हाई." मग उगाच थांबून, "...तुमच्या पेनाला तरी शाई लागून राहिली. माझ्या गाडीला पाणी लागंना."

ती हसू दाबायची. दाबलेलं हसू गालाच्या एका खळीत जाऊन बसायचं. आणि त्याला ती खळी दिसायची... दिसली की तो मुकाट्यानं सामान उचलून निघून जायचा, जणू त्यासाठीच आला होता.

चांगुणा ही लिंबाजीची थोरली. लिंबाजी रेल्वेत गँगमन, रुळांच्या खिळ्यांवर आयुष्य गेलेलं. डोक्यावर पंखा फिरतोय अशा खुर्चीत बसणारी घरातली ती पहिलीच. आजीचं नाव ठेवल्यामुळे कॉलेजात पोरी चिडवायच्या, आणि हिला आधीच सगळ्याची भीती. चुकण्याची भीती, साहेबाची भीती, लोक काय म्हणतील याची भीती.

एका रविवारी ती विहारात वंदनेला बसली होती. मागून एक पुरुषी आवाज आला. त्रिशरण, पंचशील, सगळं जसंच्या तसं, फक्त चाल वेगळी, लाटेसारखी वरखाली होणारी. बाया वळून वळून पाहू लागल्या. मागच्या ओळीत निमल, स्वच्छ आंघोळ केलेला, पांढऱ्या सदऱ्यात. राखाडी नसलेला निमल तिनं पहिल्यांदाच पाहिला, आणि तिची पुढची ओळ चुकली.

"अगं बया!" तिची आई सरजाबाई बाहेर येताच म्हणाली. "ह्याला तर सगळं तोंडपाठ हाय! कुठलं रे बाबा तू?"

"लंकेचा, आई."

"लंकेचा? आन् मग रावणाचं न्हाई, बुद्धाचं म्हणतोस?"

"आमच्याकडे दोन हजार वर्षांपासून म्हणतात, आई. तुम्ही आत्ता आलात." आणि मग हसून, "उशीर केलात."

सरजाबाई पदर तोंडाला लावून हसली. त्या दिवशी तिनं त्याला घरी नेऊन ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. लिंबाजी काही बोलला नाही. फक्त पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. टँकर येऊन तीन दिवस झाले होते. त्या घरात तेव्हा तांब्याभर पाणी सरकवणं म्हणजे पुष्कळ बोलणं होतं.

चैत्र सरता सरता एकदा तिनं विचारलं, सहज विचारावं तसं, पण बोटं मात्र टाइपरायटरच्या कळांवर अडकून राहिलेली...

"वीरभद्र शिकला का सगळं?"

"गाडी चालवतो. बिघडली तर कंप्रेसर उघडता येत न्हाई अजून." निमल तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी हळू शिकवून राहिलो."

"हळू का?"

"तो शिकला की मी गेलो. कागदात तसंच हाय ना, मॅडम?"

तिनं कळांवरची बोटं उचलून घेतली. वरवर मात्र ती रागावली. "असं करू नका. गावं तहानली हाईत."

"पाणी मी काढून राहिलोच की. शिकवणं तेवढं हळू." मग गंभीर होऊन, "...बरं. उद्यापासून नीट शिकवतो. तुम्ही सांगितलं म्हणून."

आणि तो शब्दाला जागला, हीच पंचाईत झाली.

निमलच्या राहण्याच्या परवान्याची मुदत मेमध्ये संपत होती. अजून थोडं काम बाकी म्हणून सहा महिने वाढवून मागायचं ठरलं. चांगुणानं जुनी फाईल काढली, मागच्या वर्षीचा अर्ज समोर ठेवला आणि तसाच नवा टाइप केला. कागदावरचं 'उस्मानाबाद' खोडलं, 'लातूर' लिहिलं, शेजारी सही केली. सगळं चोख. मग पाकिटावर पत्ता घातला... तोही जुन्या फायलीतला बघून.

पाच आठवड्यांनी, बुधवारी सकाळी, उस्मानाबादच्या कचेरीतून ते पाकीट परत आलं.

'आपला तालुका आता लातूर जिल्ह्यात समाविष्ट आहे, सबब अर्ज परत पाठवीत आहोत...' चांगुणा एवढंच वाचू शकली. पुढची अक्षरं पोहायला लागली. तिनं भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. मुदत गुरुवारपर्यंत. म्हणजे उद्या.

हात गार पडले. मे महिन्यात, एवढ्या उन्हात, तिचे हात गार पडले.

अवधूत सर डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला. जाताना 'माझ्या गैरहजेरीत सर्व कागदांवर सही करण्याचा अधिकार' असं पत्र तिच्या हातात देऊन गेलेले. म्हणजे आज मालकाच्या जागी तीच. तिच्या डोक्यात एकामागून एक नियम उभे राहिले. मुदतीनंतर एक दिवस जरी राहिला तर त्याला देश सोडायला लावतील. नेमणाऱ्यावर खटला होईल. आणि आणखी एक... निमल आत्ता होता कुठं? बिलोलीच्या बाजूच्या गावात, कॅम्पवर. म्हणजे नांदेड जिल्ह्यात! जिल्ह्याबाहेर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त राहिला तर तेही कळवायचं असतं. कागद एका जिल्ह्यात, नोंद दुसऱ्यात, माणूस तिसऱ्यात. असा पराक्रम उदगिरात याआधी कुणी केला नसेल.

नोकरी जाईल, हा विचार तिच्या मनात सगळ्यांत शेवटी आला. ते लक्षात आलं तेव्हा ती जास्तच घाबरली.

देगलूरपर्यंत एक एसटी, पुढं बिलोलीची दुसरी. खिडकीबाहेर सगळं एकाच रंगाचं, भेगाळलेलं. प्रत्येक थांब्यावर तिला खाकी कपडे दिसायचे आणि छातीत धडधडायचं, जणू त्यालाच पकडायला निघालेत. कंडक्टरचाही गणवेश खाकीच असतो, हे तिला तिसऱ्या थांब्यावर सुचलं.

कॅम्पवर पोचली तेव्हा यंत्र घरघरत होतं. भोवती घागरी घेतलेल्या बाया. ती ओरडली, "निमल!" – नावानं, पहिल्यांदाच – आणि नेमका त्याच क्षणी जमिनीतून फस्सकन आवाज झाला. चिखल, भुकटी आणि पाणी, सगळं एकदम उसळलं. बायांनी गलका केला. चांगुणा डोक्यापासून पायापर्यंत राखाडी झाली.

निमल धावत आला, तिच्याकडे बघितलं आणि अगदी आदबीनं म्हणाला, "मॅडम, सिमेंटचं दुकान पुढच्या गल्लीत हाय."

ती रडायला लागली.

त्याचा चेहराच पडला. भुकटीतून गालावर ओघळणाऱ्या तिच्या पाण्याकडे तो बघत राहिला. मग तिनं सगळं सांगितलं, अडखळत, शब्द गिळत. "चूक माझी हाय. पत्ता मी घातला. तुम्हाला पाठवून देतील... माझ्यामुळं."

शेजारी उभा वीरभद्र पुटपुटला, "मुदत संपली की बेड्या घालून जहाजात बसवतात म्हणं..."

"तू गप रे," निमल म्हणाला. ओठ कोरडे पडले होते त्याचे, हे तिला दिसलं. मग म्हणाला, "उद्या संपते?"

"उद्या."

"म्हणजे उद्या हाय अजून. चला." जाताना त्यानं किल्ल्यांचा जुडगा वीरभद्रच्या हातात ठेवला. वीरभद्रनं तो घेतला, न विचारता कंप्रेसरकडे वळला आणि आवाज ऐकून एक झडप बरोबर आवळली. निमलनं ते पाहिलं. चांगुणानंही पाहिलं. दोघांनीही पाहिलं नाही असं दाखवलं.

गुरुवारी पहाटे लिंबाजी दोघांना एसटीवर सोडायला आला. भाकरीचं फडकं लेकीच्या हातात दिलं. निमलकडे बघून एवढंच म्हणाला, "भिऊ नगंस. ती लई भिती, पण काम अर्धं सोडत न्हाई." बापाच्या तोंडून एवढं लांब वाक्य चांगुणानं वर्षभरात ऐकलं नव्हतं.

लातूरच्या कचेरीत नव्या रंगाचा वास होता. परदेशी लोकांच्या टेबलावर संगप्पा नावाचे जमादार बसले होते. मिशा पांढऱ्या, चष्मा नाकाच्या टोकावर, टेबलावर एक कोरी करकरीत नोंदवही.

"मालक कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," चांगुणा म्हणाली.

शेजारच्या टेबलावरचा कारकून फिसकन हसला. संगप्पांनी चष्म्यावरून आधी तिच्याकडे, मग सहा फुटी निमलकडे पाहिलं. "बरं. कागद द्या, मालक."

त्यांनी अर्ज वाचला. सावकाश. दोनदा. "मुदत आज संपती."

"हाव."

"सध्या मुक्काम?"

चांगुणानं कोऱ्या नोंदवहीकडे पाहिलं. उदगीर म्हणावं... एक शब्द, कोण बघायला जातंय? तिनं तोंड उघडलं, पण त्याआधीच निमल बोलला.

"बिलोलीकडे, साहेब. बोअर पाडून राहिलो."

संगप्पांची लेखणी थांबली. "तो जिल्हा आमचा न्हाई. किती दिवस?"

"तेरा," निमल म्हणाला.

संगप्पांनी एक जाड पुस्तक ओढलं, बोट थुंकीनं ओलं केलं, पानं उलटली. कारकुनाचं हसू कधीच मावळलं होतं. पंख्याचा आवाज तेवढा. चांगुणानं टेबलाची कड इतकी घट्ट धरली की नखं पांढरी पडली.

"बसतंय," शेवटी ते म्हणाले. "आणखी चार दिवस राहिला असता तर मी काही करू शकलो नसतो. खोटं सांगितलं असतं तर आत्ताच काही केलं नसतं." मग त्यांनी परत आलेलं पत्र उचललं. "आन् नोंद? ती तर जुन्या जिल्ह्यात."

"ती नसली तर...?"

"तर कशाची मुदत वाढवू, बाई?" पत्र वाचता वाचता ते मध्येच थांबले. "पुढची ओळ वाचली न्हाई का तुम्ही?"

तिनं मान हलवली.

"'सदर इसमाची नोंद आपल्याकडे वर्ग केली आहे.' इथं लिहिलंय. घाबरलेला माणूस पहिलीच ओळ वाचतो बघा." ते उठले, कोपऱ्यातल्या सुतळी बांधलेल्या गठ्ठ्यांपैकी तिसरा सोडला, आणि धूळ झटकत एक फाईल आणली. वर निमलचा फोटो, वर्षापूर्वीचा. केस नीट विंचरलेला, बिचारा, घाबरलेला. तोही घाबरला होता तर!

"आता हमीपत्र. तुमच्या कागदावर, तुमच्या हातानं. लिहा."

चांगुणानं कागद काढला. 'उस्मानाबाद' खोडलं, 'लातूर' लिहिलं, शेजारी सही केली. संगप्पा सांगू लागले. एक, सदर इसम आमच्या संस्थेशिवाय दुसरीकडे काम करणार नाही. दोन, त्याचा राहण्याचा पत्ता बदलला तर कळवू. तीन, त्याच्या वर्तणुकीची जबाबदारी आमच्यावर.

"शिकाऊ माणूस किती शिकला?" त्यांनी मध्येच विचारलं. "खरं सांगा. मुदत त्यावर ठरती."

तिला झडप आवळणारा वीरभद्र दिसला. तो अजून काहीच शिकला नाही, एवढं म्हटलं की वर्ष मिळेल... तिनं निमलकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जमलं नसतं.

"सहा महिन्यांत पुरा तयार होईल," ती म्हणाली.

"मग चौथी ओळ लिहा. मुदत संपताच सदर इसमास त्याच्या देशी परत पाठवण्याची हमी मी देत आहे."

लेखणी थांबली.

"लिहा की बाई. त्याशिवाय साहेब सही करणार न्हाईत. टंचाईच्या दौऱ्यावरून येतीलच एवढ्यात."

त्याला ठेवून घ्यायचं तर त्याला परत पाठवीन असं लिहून द्यायचं. काय कायदा म्हणावा! चांगुणानं ओळ लिहिली. एकेक अक्षर कोरत, जणू संपू नये म्हणून. खाली सही केली. साहेब आले, संगप्पा कागद घेऊन आत गेले, आणि दरवाजा लागला.

दोघं बाहेरच्या बाकावर बसली. मध्ये भाकरीचं फडकं. घड्याळात पावणेपाच. आतून कुणाचा तरी चढलेला आवाज आला, आणि चांगुणानं दाराकडे वळून पाहिलं.

"चौथ्या ओळीला का थांबल्या, मॅडम?" त्यानं हळूच विचारलं. "मला मराठी वाचता येत न्हाई."

"त्यात... तुम्हाला परत पाठवीन असं हाय."

"पाठवाल?"

"सही केलीय मी."

"सहा महिन्यांनी?"

"सहा महिन्यांनी."

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. नखांत अजून काळ्या पत्थराची भुकटी होती. ती कितीही धुतली तरी जात नसे. तिला वाटलं, आत्ता बोललं नाही तर आयुष्यभर आपण पहिलीच ओळ वाचत बसणार.

"पण..." ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "एकट्याला पाठवीन, असं त्यात कुठं लिहिलंय?"

निमलनं मान वर केली. वीरभद्रनं शिकवलेली सगळी मराठी त्यानं मनातल्या मनात चाळून पाहिली असावी... पण तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले.

दार उघडलं. संगप्पा बाहेर आले, शिक्का अजून ओला होता. "सहा महिने. आमच्या नव्या वहीत पहिलं नाव तुमचं, रत्नायके. जपून राहा." आणि चांगुणाकडे वळून, "मालक, पुढच्या वेळी पाकिटावरचा पत्तापण बघत जा."

दोघं एसटी स्टँडकडे चालत निघाली. सावल्या लांब झाल्या होत्या. तिला अजून भीती वाटत होती. आईची, बापाची, घराभोवतीच्या भीमनगरातल्या शंभर तोंडांची, समुद्रापलीकडच्या न पाहिलेल्या घराची. भीती काही कमी झाली नव्हती. फक्त आता ती एकटीची राहिली नव्हती.

"आमच्याकडेपण बाहेरच्या माणसाला कचेरीत नोंदवावं लागतं," निमल एकदम म्हणाला. "तिथंपण हमी देणारा लागतो."

"मग? कोण देईल?"

"मी. चारही ओळी लिहीन. पण ती चौथी... परत पाठवायची... ती खोडून टाकीन."

स्टँडच्या फाटकाशी चांगुणा थांबली. गालाची खळी आत कुठंतरी थरथरली.

"सरकारी कागदावर खाडाखोड केली," ती म्हणाली, "की शेजारी सही लागती."

"करशील?"

'मॅडम' हा शब्द कुठं गळून पडला, ते दोघांनाही कळलं नाही. तिनं पिशवीतून पेन काढलं, त्याचा भुकटीनं काळवंडलेला तळहात वर वळवला, आणि उदगिराची गाडी फलाटाला लागायच्या आत त्यावर आपली इवलीशी सही केली.